दुसऱ्या मजल्यावरचा बल्गेरिया

आमच्या वारज्याच्या मंडईत एक भाजीवाली बसते. तिच्याशी भाव करायला गेलेले भलेभले तोंड पाडून परत येतात. तिनं एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकू, तुमच्याकडं त्यो गोरा पोरगा ऱ्हातो, त्याला काय झालंय का वो? मी वांग्याचा भाव सांगितला, त्यो म्हणला कमी कर. मी म्हणलं, नाय जमायचं. तर त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला, मुंडी खाली घातली, सांगितले तेवढे पैसे दिले आन गेला."

"काही झालेलं नाही," मी म्हटलं. "तो हरला, म्हणून हात मिळवला."

"हरला? कशात?"

"वांग्यात."

बुद्धिबळात म्हणे अशी रीत आहे. आपला डाव आता वाचत नाही असं दिसलं की घड्याळ थांबवायचं आणि समोरच्याशी हात मिळवायचा. मात होईपर्यंत ताटकळत बसायचं नाही. याला डाव सोडणं म्हणतात. या मुलानं ती रीत पटावरून उचलून सगळ्या जगाला लागू केली होती. रिक्षावाल्याशी वाद झाला, की हात. कचेरीतल्या बाईंनी "उद्या या" म्हटलं, की खिडकीच्या काचेखालून हात. जेवताना मी "अजून एक घेच" म्हणून मागे लागले, की उजवा हात उष्टा म्हणून तो डावा पुढे करायचा आणि पोळी वाढून घ्यायचा. सुरुवातीला मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्यात चेष्टा अजिबात नव्हती. हरल्यावर हात न मिळवणं हे त्याच्या लेखी वाईट वळण होतं.

तो आमच्याकडे आला तो ह्यांच्यामुळे. आमचे हे खेळायला बेताचे, पण स्पर्धा कुठेही असो, खुर्च्या मांडण्यापासून खेळाडूंच्या जेवणापर्यंत सगळीकडे पुढे. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही. मुलांना बुद्धिबळ शिकवणाऱ्या एका क्लासनं बल्गेरियातून हा बावीस वर्षांचा खेळाडू वर्षभरासाठी बोलावला होता आणि त्याची राहायची सोय होत नव्हती. ह्यांनी मला न विचारता तिथल्या तिथे सांगून टाकलं, "आमच्या मुलीची खोली रिकामीच आहे." रिकामी म्हणजे, ती लग्न होऊन खराडीला गेल्यापासून तिथं माझे पापडांचे डबे राहत होते.

"परदेशातलं पोर. ते काय खाईल, काय पिईल, काही विचार केलात का?" मी विचारलं.

"अगं, तो बुद्धिबळ खेळतो. काय खाल्लं ते त्याला कळतसुद्धा नाही," हे म्हणाले.

पहिल्याच जेवणाला ते खोटं ठरलं. त्यानं आमटीकडे सभ्यपणे पाहिलं, भाजीकडे सभ्यपणे पाहिलं आणि दह्याचा पहिला घास घेतल्यावर डोळे मिटून घेतले. मग क्लासमधल्या पोरांकडून उचललेल्या मराठीत मला म्हणाला, "काकू, विषय हार्ड." त्याच्या देशात माणसं दह्याच्या बाबतीत फार गंभीर असतात म्हणे. आमच्या घरी इतकी वर्षं माझ्या दह्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं आणि कुणी कौतुकही केलं नव्हतं, त्यामुळे मी त्याच दिवशी त्याच्या बाजूची झाले. पुढे तो पुरणपोळीवरही दही घ्यायला लागला. तेव्हा मी दुसरीकडे बघायची.

त्यानं सांगितलेलं नाव मी दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा वेगळं झालं. बिल्डिंगमध्ये कुणालाच ते पेलेना, तेव्हा सगळे त्याला नुसतं बल्गेरिया म्हणायला लागले. "बल्गेरिया आला का क्लासवरून?" "बल्गेरियाचं कुरिअर आलंय." तोही हाकेला ओ द्यायचा. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही शाळेच्या पुस्तकातून आलेलं, त्यामुळे आमच्या गप्पा छान चालत.

तळमजल्यावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. वाया जाणारं पाणी त्यांना झोपेतही ऐकू येतं. त्यांची आणि बल्गेरियाची गाठ पडली ती पाण्यावरूनच.

पहिल्या स्पर्धेला निघताना मी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. दह्याला शकुनातही जागा आहे हे पाहून तो हरखून गेला. मग म्हणाला, "आमच्याकडे कुणी परीक्षेला निघालं की घरचं माणूस त्याच्या वाटेवर पाणी ओततं. काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून." घरचं माणूस तर लांब होतं. म्हणून त्यानं आमच्या बाथरूममधून मगभर पाणी आणलं, स्वतःच जिन्यात ओतलं आणि त्या ओलीवरून पाय टाकत खाली गेला. संध्याकाळी तो परत आल्याची चाहूल लागताच सेक्रेटरी दोन मजले चढून आले.

"वहिनी, जिन्यात धबधबा कुणी सुरू केलाय?"

"शकुन होता हो, त्यांच्याकडचा."

"शकुन आपापल्या उंबऱ्याच्या आत करावा. बाहेर आला की त्याचं सांडपाणी होतं."

तेवढ्यात बल्गेरिया बाहेर आला. काय चाललंय ते त्यानं माझ्याकडून समजून घेतलं, सेक्रेटरींचा हात हातात घेऊन हलवला, "सॉरी सर" म्हणाला आणि फडकं घेऊन एव्हाना वाळलेला जिना पुसायला गेला. सेक्रेटरी तसेच उभे. "अहो, पण माझं बोलून पुरतं झालेलं नाही," ते म्हणाले. पुढचे मुद्दे बिचाऱ्यांनी जिना चढताना जुळवले असणार. दुसऱ्या दिवशी ते ह्यांना म्हणाले, "तुमच्या पाहुण्याचं पुण्यात कठीण आहे. त्याला साधं भांडता येत नाही."

एकदा मी मटार सोलत बसले होते, तोही समोर येऊन सोलायला लागला. मी विचारलं, "तू इतक्या लवकर हात का पुढे करतोस रे?" तेव्हा त्यानं त्याच्या पहिल्या शिक्षकांची गोष्ट सांगितली. त्याच्या लहानशा गावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ मुलांना खेळ शिकवायचे. थंडी इतकी की मुलं कोट घालूनच बसत. ते म्हणायचे, हरलेला डाव खेळत राहणारा दोनदा हरतो, एकदा पटावर आणि एकदा समोरच्याच्या मनात. बल्गेरिया तिथं सगळ्यांत लहान, आणि आपलं हरणं सगळ्यांच्या आधी त्याला दिसायचं. म्हातारबुवा त्याची पाठ थोपटत. "बाकीच्यांना हरल्यावर कळतं, मला खूप आधी कळतं," तो म्हणाला. एखादा आपल्या गोड गळ्याबद्दल सांगेल तसं सांगत होता. मला कौतुक वाटलं आणि रागही आला.

"पण तुला आधी दिसतं ते बरोबरच असतं कशावरून?"

त्यानं दोन-तीन शेंगा सोलल्या. मग म्हणाला, "बहुतेक असतं."

या बहुतेकमध्ये काय काय मावतं ते आम्हाला थोड्याच दिवसांत कळलं. ग्रँडमास्टर व्हायचं तर तीन मोठ्या स्पर्धांत ठरावीक दर्जाचा खेळ करून दाखवावा लागतो. त्याला नॉर्म म्हणतात. बल्गेरियाचं रेटिंग पुरेसं होतं, दोन नॉर्म झाले होते, एक राहिला होता. हे सगळं ह्यांनी मला पोळ्या लाटताना समजावून सांगितलं आणि दोन पोळ्या करपवल्या. जानेवारीतल्या एका स्पर्धेत तो तिसरा नॉर्म अगदी हाताशी आला. शेवटच्या फेरीत समोर सहावी-सातवीतली एक मुलगी होती. डाव हातचा गेला असं त्याला दिसलं, त्यानं घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. मुलीनं हात मिळवला, कागदावर सही केली आणि मग गोंधळून म्हणाली, "दादा, पण इथं हत्ती मागे घेतला असता तर बरोबरी होती ना?"

खरंच होती. त्या अर्ध्या गुणानं नॉर्म गेला.

घरी येऊन त्यानं हे आम्हाला हसत हसत सांगितलं. त्या मुलीचं तर फारच कौतुक केलं. इथल्या मुलांना त्यांचे शिक्षक बजावतात म्हणे, मात झाल्याशिवाय जागचं उठायचं नाही. "एक हत्ती कमी असतो आणि तरी बसून बिस्किटं खातात," तो म्हणाला. याचं त्याला फार नवल वाटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यापुढे ठेवलेली दह्याची वाटी दुपारपर्यंत तशीच राहिली. तेव्हा मला कळलं की कालचं हसणं खरं नव्हतं.

त्याचे वडील गावात घरं गरम ठेवायची यंत्रं दुरुस्त करतात. माणूस वाईट नाही. मुलगा लहान असल्यापासून गाडीत घालून त्याला गावोगावच्या स्पर्धांना नेलं, रात्री गाडीतच झोपले. पण आता पाठ धरते, दुकानात माणूस हवा. बापलेकांत ठरलं होतं: उन्हाळ्यापर्यंत ग्रँडमास्टर झाला तर खेळायचं, नाही तर दुकानात यायचं आणि बुद्धिबळ रविवारपुरतं. मे महिन्यात वाघोलीच्या एका कॉलेजात मोठी स्पर्धा होती. ती त्याची शेवटची. तिच्या आठवडाभर आधी तो फोनवर बराच वेळ बोलला आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "बाबांना सांगितलं, जूनपासून दुकानात येतो."

"अरे, स्पर्धा अजून सुरूसुद्धा झालेली नाही."

"मला दिसतंय, काकू."

मी त्याला तोवर कधी रागानं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, तुझे वडील गाडीत झोपले ते तू न खेळता घरी यावास म्हणून झोपले का? इंग्रजी पुरेना तेव्हा मराठीत बोलले. तो शांतपणे ऐकत राहिला आणि माझं झाल्यावर त्यानं हात पुढे केला. मी माझा हात पदराखाली घेतला. "मी नाही मिळवणार," मी म्हटलं. "डाव संपलेला नाही." त्याचा हात तसाच पुढे राहिला. डाव सोडला आणि समोरच्यानं घेतला नाही, असं त्याच्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं. थोड्या वेळानं तो हात खाली करून खोलीत गेला, आणि आपण फार बोललो का, असं वाटून मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले.

त्याच रविवारी सोसायटीची सभा होती. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या, चहा आणि बिस्किटं. बल्गेरियाला ह्यांनी करमणूक म्हणून बसवलं. विषय एकच होता: दुचाक्या पुढच्या अंगणातून हलवून मागच्या बाजूला लावायच्या. हा ठराव सेक्रेटरींचा, आणि झाडून सगळी बिल्डिंग विरोधात. अर्ध्या तासात कुणीही उठून हात मिळवला असता. सेक्रेटरींनी तो मिळवला नाही. ते प्रत्येकाला "आपला मुद्दा पुन्हा एकदा सांगता का?" म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. कुणाची मालिका लागायची वेळ झाली, कुणाचं पोर रडायला लागलं, कुणाला भूक लागली. शेवटी पार्किंगमध्ये उरले सेक्रेटरी (त्यांचे दोन फ्लॅट, म्हणून मतं दोन), त्यांचे शेजारी, मी, बल्गेरिया आणि पेंगणारे आमचे हे. मत घेतलं तेव्हा हे दचकून जागे झाले आणि त्यांचा हात वर गेला. ठराव पास झाला.

बल्गेरिया खुर्च्या उचलायला थांबला. त्यानं सेक्रेटरींना विचारलं, "सर, तुम्ही तर सुरुवातीलाच हरला होता. मग सोडलं का नाही?"

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "मी हरलोय हे मला कळत होतं," ते म्हणाले. "पण समोरच्यांना ते कळलंय का, हे बघत बसायचं असतं."

मी ते इंग्रजीत करून सांगितलं. बल्गेरियानं पुन्हा सांगायला लावलं.

वारज्याहून वाघोली म्हणजे परगावच. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी मी खराडीला मुलीकडे मुक्काम टाकला आणि सकाळी तिथून गेले. हे तर पहिल्या दिवसापासून खुर्च्या मांडायला तिथंच होते. आठ फेऱ्या त्याला चांगल्या गेल्या होत्या. आता नुसती बरोबरी केली तरी नॉर्म पुरा होत होता, हरला तर जूनपासून दुकान. समोर दक्षिणेकडचा एक चष्मेवाला तरुण होता, अगदी थंड डोक्याचा. प्रेक्षकांना दोरीच्या अलीकडे उभं राहायचं होतं आणि बोलायला बंदी होती. मला पटावरचं काही कळत नाही, म्हणून मी त्याच्याकडेच बघत राहिले.

तीन तासांनी हे मला चहाच्या निमित्तानं बाहेर घेऊन आले. "दोन प्यादी कमी आहेत," हे म्हणाले. "हरल्यात जमा."

"त्याला दिसलं असेल?"

"आपल्या आधी दिसलं असेल."

मी पुन्हा आत गेले. घरी तो स्वतःचा वजीर आधीच काढून ठेवून ह्यांच्याशी खेळायचा, तेव्हा पाहून डाव सोडायच्या आधी तो काय करतो ते मला पाठ झालं होतं. आधी पटावरच्या सगळ्या सोंगट्या आपापल्या घरात नीट मधोमध ठेवायच्या, मग पेनाला टोपण लावायचं, मग हात. त्यानं सोंगट्या नीट केल्या. पेनाला टोपण लावलं. उजवा हात टेबलावरून उचलला. मी मनातल्या मनात त्याला मराठीत काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हात तिथंच थांबला. मग त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. आणि पटाकडे बघायचं सोडून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. हात काढायचा तो खेळी करण्यापुरता, की परत मांडीखाली. एकेक टेबल रिकामं होत गेलं. पंच जांभया देत होते. चष्मेवाला पुढे झुकायचा, मागे व्हायचा, कपाळ चोळायचा. त्याला कुठूनसा घाम फुटला होता.

मग एकदम दोघांचे हात मिळालेले मला दिसले. कुणाचा आधी पुढे आला ते पंचांच्या पाठीमुळे दिसलं नाही. मला काय वाटायचं ते वाटलं. मी बाहेर येऊन कॉलेजच्या पायरीवर बसले आणि रडले. रडता रडता स्वतःला सांगत होते, बसला तरी, इतका वेळ बसला तरी.

तो बाहेर आला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. "काकू," तो म्हणाला, "हात त्यानं पुढे केला."

"म्हणजे?"

"बरोबरी मागितली त्यानं. मी हरलेलो होतो. पण त्याला ते कळलं नव्हतं." ग्रँडमास्टर झाल्याच्या आनंदापेक्षा त्याला याचंच नवल जास्त वाटत होतं. आपल्याला जे दिसतं ते सगळ्यांना दिसतं असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

वडिलांना त्यानं तिथूनच व्हिडिओवर फोन लावला. मागे दुकान दिसत होतं. वडील हातातला पाना खाली ठेवून नुसते बघत राहिले आणि मग रडायला लागले. त्यानं फोन माझ्याकडे वळवला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला बल्गेरियन, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांकडे बघून रडलो आणि ते पुरेसं झालं. इतका आनंद मला मुलीच्या लग्नातही झाला नव्हता. हे मुलीला माहीत आहे.

सोसायटीनं शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला. सेक्रेटरी म्हणाले, "माझं नाव घ्यायची काही गरज नाही," आणि नाव घेतलं जाईपर्यंत ते व्यासपीठावरून हलले नाहीत.

आता तो तिकडेच असतो, तिथल्या एका संघाकडून खेळतो. दुकानात वडिलांनी दुसरा माणूस ठेवला आहे. त्याचे डाव फोनवर चालू असतानाच बघता येतात आणि हे ते भिंग घेऊन बघतात. सगळे डाव तो जिंकतो असं नाही. बरेच हरतोही. पण पूर्वी आमच्या चहाच्या आत हरायचा, तो आता जेवणं होऊन भांडी घासली जाईपर्यंत हरत नाही.

परवा मी कणीक मळत होते. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "आज गेलंच म्हण. एक घोडा कमी आहे."

"बसलाय ना अजून?" मी विचारलं.

ह्यांनी भिंग फोनच्या आणखी जवळ नेलं.

"बसलाय."

मी कणीक झाकून ठेवली आणि ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.